हिराकसावरची साखर

कर्जतच्या बाजारात आबाजीचं औषधांचं दुकान होतं आणि त्या दुकानाचा आबाजीला भारी गर्व होता. गर्व करण्याजोगं तिथे फारसं काही नव्हतं. लाकडी मांडणीवर पंचवीस-तीस बाटल्या, एक दगडी खल, एक पितळी तराजू, आणि भिंतीला टांगलेला एक जाड कागद. त्या कागदावर इंग्रजीत काय लिहिलं आहे ते गावात कुणालाच वाचता येत नसे, त्यामुळे त्याचा दरारा मात्र मोठा होता. घाटात रेल्वेचे बोगदे खणले जात होते तेव्हा आबाजी ऐन विशीत गोऱ्या डॉक्टरच्या हाताखाली कंपाउंडर होता. पुढे काम संपलं, डॉक्टर गेला, मजूर पांगले. आबाजी घाट उतरून कर्जतला आला तो तिथलाच झाला. एकुलतं मूल जन्मतःच गेलं, पुढे बायको पटकीत गेली. लोक त्याला आबाजीशेट म्हणत. डॉक्टर म्हटलेलं त्याला जास्त आवडलं असतं, पण तेवढं सुख त्याला कुणी दिलं नाही.

एका गोष्टीत मात्र त्याचा हात धरणारं खरोखर कुणी नव्हतं. रक्त आटलेल्या बायका. हिवतापाने पिळून काढलेल्या, पाठोपाठच्या बाळंतपणांनी रित्या झालेल्या, घरातल्या सगळ्यांची जेवणं उरकल्यावर जे उरेल ते खाणाऱ्या बायका त्याच्याकडे यायच्या. दहा पावलं चालल्या की धाप, पायांवर सूज, ओठ पांढरे. वैद्य पांडुरोग म्हणायचे, बायका ‘अंग पांढरं पडलं’ म्हणायच्या, आणि आबाजी त्याच्या बाटलीवर लिहिलेलं होतं तसं ‘फेरी सल्फ’ म्हणायचा. म्हणजे आपला हिराकस, रंगाऱ्याकडे मिळतो तोच. फक्त तो शुद्ध करून, मापात आणि पोटात काहीतरी असताना द्यायचा. गोऱ्या डॉक्टरने शिकवलेल्या शंभर गोष्टींतली ही एक आबाजीने पक्की गाठीला बांधली होती, आणि तिच्यावर बऱ्याच बायका उठून उभ्या राहिल्या होत्या हे खोटं नाही.

महाराणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली म्हणून सरकारने दारूकाम उडवलं, त्या सालच्या कार्तिकात कडावची भागूबाई सुनेला घेऊन दुकानात आली. कडाव ते कर्जत म्हणजे तीन कोसांची वाट. भागूबाई पन्नाशीची, काटक, कमरेवर सुनेची अडीच वर्षांची लेक घेऊन ताठ उभी. आणि विशीची सून दुकानाच्या पायरीवर बसली ती उठेचना.

“वाटंत चार डाव बसली ही,” भागूबाई म्हणाली. “जयवंता नाव हिचं. चौथा म्हयना लागलाय. जरा बगा शेट, हिचा रंग कसा झालाय त्यो.”

आबाजीने जयवंताची खालची पापणी ओढून पाहिली. आत लालीचा मागमूस नव्हता. नखं पाहिली. मधे खोल गेली होती, त्यांवर पाण्याचा थेंब ठरला असता. त्याने हळूच विचारलं, “माती खातेस का गं?”

जयवंताने मान खाली घातली. तिच्यातर्फे सासूच बोलली. “चुलीची खाते. पोपडे काढून खाते. एकदा हानली बी मी तिला. पन सोडंल तर शपथ.”

“मारून नाही सुटायची ती. रक्त कमी पडलं की अशी वखवख होते.”

भागूबाईने नातीला खाली ठेवलं आणि पदराने तोंड पुसलं. मग ती जे बोलली ते आबाजीला पुढे कितीतरी दिवस ऐकू येत राहिलं. “शेट, माझ्या कोंडाजीची ही दुसरी बायको. पयली अशीच पांढरी पडली होती. मला काय कळतंय, म्हटलं होईल बरी. बाळंत झाली आनि रगत गेलं ते थांबलंच नाय. पोरगा बी गेला सोबत. माझ्या मांडीवर गेली ती, पानी पानी करत. ही मला जगवून पायजे. बाकी काय बी सांगा, पन ही जगली पायजे.”

“जगेल,” आबाजी म्हणाला.

हा शब्द तोंडातून काढायला काही लागत नाही, म्हणून औषधवाले तो फार वापरतात. पण त्या दिवशी आबाजीने तो मनापासून वापरला. या बाईने आपण होऊन सुनेला तीन कोस चालवत आणलं होतं. एरवी सासवा सुना मेल्यावर बाजारात यायच्या, मुलाला दुसरी करून देताना तिच्या अंगावर काय घालायचं ते ठरवायला.

त्याने हिराकसाच्या पाण्याची बाटली दिली. नाचणी खाऊ घाल, गूळ घाल, शेवग्याचा पाला घाल, असं सांगितलं. भागूबाई म्हणाली की गर्भारणीला पाला घालायची त्यांच्यात रीत नाही, पोटात वात धरतो. आबाजी चिडला, चार शब्द बोलला. नाचणी आणि गुळावर तडजोड झाली.

पंधरा दिवसांनी दोघी परत आल्या तेव्हा जयवंता होती तिथेच होती, आणि भागूबाई रागाने धुमसत होती. बाटलीतलं औषध सून गोठ्यामागे केळीच्या बुंध्याशी ओतत होती, हे तिने त्याच सकाळी पकडलं होतं.

“पोटात ठरतच नाय,” जयवंता पहिल्यांदा बोलली. आवाज पोरकट होता. “तोंडात घेतलं की गंजका खिळा चघळल्यावानी वाटतंय. खाल्लेलं बी भाईर येतं. मंग मी उपाशीच ऱ्हाते.”

यात तिचं काही चुकत नव्हतं. हिराकसाची चव आबाजीला ठाऊक होती, त्याचा स्वतःचाही जीव तिने मळमळला असता. दुसरा कुणी असता तर त्याने दटावून पुन्हा तीच बाटली हातात दिली असती. पण आबाजीला आपल्या हुशारीची खुमखुमी होती. तो म्हणाला, “आठ दिवसांनी या. तुला आवडेल असं औषध करून ठेवतो.”

आबाजीची आई हलवा करण्यात पटाईत होती. संक्रांत जवळ आली की शेगडीवर परात ठेवून ती तीळ परतायची, साखरेचा पाक थेंब थेंब सोडत बोटांनी हलवत राहायची, दिवसच्या दिवस. लहानपणी आबाजी तिच्याजवळ बसून बोटं भाजून घ्यायचा. ती सगळी विद्या त्याने आता बाहेर काढली. हिराकस तव्यावर भाजून त्याचं पाणी उडवलं, पांढुरकी पूड झाली ती खलात घोटली, डिंकाच्या पाण्यात मळली, वळी करून तिचे हरभऱ्याएवढे गोळे केले. दोन दिवस सावलीत वाळवले. आणि मग मंद निखाऱ्यावर परातीत टाकून त्यांच्यावर पाक चढवला, एक थर, दोन थर, दहा थर. बाजारातली माणसं येताजाता थांबायची. “काय शेट, मिठाईवाल्याच्या पोटावर पाय देता काय?” आबाजी नुसता हसायचा. तिसऱ्या दिवशी परातीत पांढरेशुभ्र, बारीक काट्यांचे दाणे झाले. त्याने एक तोंडात टाकला. नुसती साखर. चावला नाही तर आत काय आहे ते जिभेला कळतही नव्हतं. स्वतःवर इतका खूष तो घाट सोडल्यापासून झाला नव्हता.

“दोन वेळा, जेवणावर एकेक,” त्याने जयवंताला सांगितलं. “चावायची नाही. गिळायची.” आणि दर पंधरवड्याला तीन कोस तंगडतोड नको म्हणून महिन्याच्या साठ गोळ्या एकदमच टिनाच्या डबीत भरून दिल्या. त्या काळी औषधाच्या डबीवर काही लिहायची रीत नव्हती, आणि लिहिलं असतं तरी कडावला ते वाचणार कोण?

औषध लागू पडलं. पौष उजाडेपर्यंत जयवंताच्या ओठांवर रंग आला. माती सुटली. महिना भरला तेव्हा ती कर्जतला आली ती वाटेत एकदाही न बसता, वर डोक्यावर वालाच्या शेंगांची पाटी. भागूबाईने ती पाटी आबाजीपुढे ठेवली आणि बाजारात सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “आमच्या घरात देवाच्या खालोखाल तुमचं नाव घेत्यात.” आबाजीने त्या शेंगा मडक्यात भाजून पोपटी लावली आणि शेजारच्या चार दुकानदारांना बोलावून खिलवली. प्रत्येकाला गोळीची गोष्ट दोनदा ऐकवली.

त्या दिवशी दुकानात परात पुन्हा शेगडीवर होती. दुसऱ्या महिन्याच्या गोळ्या तयार होत्या, आणि पाक उरलाच आहे तर म्हणून आबाजीने संक्रांतीसाठी शेंगदाण्यांचाही थोडा हलवा करून घेतला होता. दोन ढीग शेजारी शेजारी होते आणि दिसायला एकसारखे. भागूबाईची नात जनी परातीच्या काठाला धरून टाचा उंचावून बघत होती. आबाजीने हलव्याच्या ढिगातले दहा-बारा दाणे उचलून तिच्या ओंजळीत घातले.

“काय म्हणायचं, जने?”

“गोड बोल,” जनी म्हणाली, आणि एक दाणा त्याच्या तोंडाशी नेला. सगळे हसले. आबाजीने तो खाल्ला. मग शेजारच्या ढिगातल्या साठ गोळ्या मोजून डबीत भरल्या आणि जयवंताच्या हातात दिल्या.

संक्रांत झाल्यावर तिसऱ्या दिवशी भर दुपारी बैलगाडी दुकानासमोर उभी राहिली. भागूबाईचा मुलगा कोंडाजी गाडीतून उडी टाकून उतरला. त्याच्या हातांवर घोंगडीत जनी होती. मागून भागूबाई. जयवंता नव्हती, तिला अशा अवस्थेत गाडीचे धक्के नकोत म्हणून घरी ठेवली होती.

“गोळ्या खाल्ल्या हिनं,” कोंडाजी म्हणाला. त्याच्या सदऱ्यावर पुढे सगळीकडे काळपट डाग होते, त्यांत लालही होतं.

आबाजीने घोंगडी बाजूला सारली. “किती?”

भागूबाईने सांगितलं. सकाळी ती अंगणात भात कांडत होती. सून ओढ्यावर गेलेली. जनी घरातून डबी घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, आजी, हलवा. भागूबाईच्या हातात मुसळ होतं, तिने तोंड उघडलं आणि नातीने दाणा आत टाकला. गोड लागला. तिने दातांखाली फोडला तर आत कडूजहर. तेव्हा तिच्या ध्यानात आलं. डबी हिसकावून घेतली. साठांतल्या सुनेने सहा-सात घेतल्या असतील. डबीत वीस उरल्या होत्या.

“घटकाभरात वकायला लागली,” कोंडाजी म्हणाला. “थांबतच नाय. काळं पडतंय नि रगत पडतंय. वाटंत चार बार झालं. शेट, काय तरी करा.”

आबाजीने केलं. जे माहीत होतं ते सगळं केलं. दुधात अंड्याचा पांढरा बलक फेटून चमच्याचमच्याने पाजला, खायचा सोडा दिला, ओकवलं, पुन्हा पाजलं. जनीचं पोट दाबलं की ती कळवळून पाय दुमडायची. पण दिवस कलता कलता उलट्या थांबल्या. ती झोपली. आबाजी तिच्या उशाशी बसून राहिला, कुणाला औषध दिलं नाही, दुकानाची एक फळी लावून घेतली. ऊन खाली आलं तेव्हा जनीने डोळे उघडले, आजीकडे बघितलं आणि पाणी मागितलं. प्यायली, आणि ते ठरलं. मग तिला बैल बघायचे होते. कोंडाजीने तिला कडेवर घेऊन बाहेर नेलं तर तिने बैलाच्या शिंगाला हात लावला.

भागूबाई दुकानातच भिंतीला टेकून बसली आणि ओक्साबोक्शी रडली. आबाजीच्याही डोळ्यांना पाणी आलं.

कोंडाजी आत आला. साधा माणूस, आईच्या शब्दाबाहेर नसणारा, पण त्या वेळी त्याने अचूक विचारलं. “शेट, कल्यानला मोठा डाक्टर हाय म्हनत्यात. आता आगीनगाडी येईल तिनं नेऊ का? एक डाव दावलेली बरी.”

आबाजीच्या डोळ्यांपुढे कल्याणचा डॉक्टर आला. तो पहिला प्रश्न विचारणार, पोरीने काय खाल्लं? गोळ्या. कसल्या? कुणी केल्या? हलव्यासारख्या केल्या? का?

“कशाला?” आबाजी म्हणाला. “औषध पडून गेलं सगळं. पोर बैलाशी खेळतेय, तिला गाडीचा धूर कशाला? घरी न्या. दूधभात द्या.”

आता खरं सांगायचं तर पोर वाचली असं त्याला मनापासून वाटलं होतं. उलटी थांबली, पाणी ठरलं, डोळे उघडले, अजून कशाला बरं म्हणायचं? हिराकसाचं विष असं पोटात उतरून एक दिवस गप्प बसतं आणि मग उठतं, हे त्याला घाटातल्या डॉक्टरने कधी सांगितलं नव्हतं. बहुधा त्या डॉक्टरलाही ठाऊक नसावं. कल्याणचा डॉक्टरही फार काही करू शकला नसता. पण हे झालं आपलं, मागाहूनचं शहाणपण. त्या संध्याकाळी आबाजीला यातलं काहीच माहीत नव्हतं. त्याला एवढंच माहीत होतं की डॉक्टरकडे पोर गेली तर आपलं नाव जाईल. पोर बरी आहे असं वाटणं त्याच्या सोयीचं होतं, आणि माणसाला सोयीचं ते लवकर पटतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो कडावला निघाला. सोबत जनीसाठी रव्याचा लाडू बांधून घेतला होता. चांगला चालत होता, वाटेत भेटणाऱ्यांशी बोलत होता. गावाच्या शिवेवर एक म्हातारा गुराखी भेटला. भागूबाईचं घर कुठलं म्हणून आबाजीने विचारलं.

“पोर गेली तेच ना?” म्हातारा म्हणाला. “ते बगा, चिंचेपल्याड. काल दिवेलागनीला गेली. सकाळी पुरून आले.”

आबाजी तिथेच बांधावर बसला. परत फिरावं असं त्याला वाटलं, आणि तसं वाटलं हे लपवायचं कारण नाही. परत फिरला असता तर कुणी काही बोलणारं नव्हतं. पण गुराखी बघत होता, म्हणून असेल किंवा दुसऱ्या कशाने असेल, तो उठला.

अंगणात माणसं बसली होती. कोंडाजी गुडघ्यांत डोकं घालून होता. भागूबाईने आबाजीला पाहिलं आणि उठून सामोरी आली. तिने त्याला शिव्या दिल्या नाहीत. उलट हात जोडले.

“तुमी वाचवली होती शेट. आमच्याच नशिबात नवती. घरी आल्यावर भात खाल्ला तिनं. दुसऱ्या दिशी दुपारी अंग गार पडाया लागलं, डोळं मिटाया लागली, हाक मारली तरी नाय. कुनाची तरी नजर लागली. संक्रांतीला नटवली होती ना.” मग तिने आवाज खाली आणला. “आता ही दुसरी बगा. कालधरनं तिनं अन्नाला हात लावला नाय. गोळ्या बी घेत नाय. तुमी सांगा तिला. तुमचं ऐकंल.”

आतल्या अंधाऱ्या खोलीत जयवंता भिंतीशी बसली होती. पोट आता चांगलं दिसत होतं. भागूबाई दारातच थांबली, बाहेरून कुणीतरी हाक मारली म्हणून वळली. आबाजी खाली बसला. त्याने वाटभर शब्द जुळवले होते. दैवगती, देवाची इच्छा, पोटातल्याचा विचार कर.

जयवंताच आधी बोलली, त्याच्याकडे न बघता. “मीच मारली तिला.”

“असं बोलू नये.”

“मी रोज जेवल्यावर गोळी घ्यायची. दुकानातला हलवा खाल्ल्यापासनं ती मागायची, रडायची. मंग मी तिला चोखाया द्यायची. वरची साखर चोखली की तिच्या तोंडातनं काढून मी गिळायची. रोज. आत्याबाईंना म्हाईत नाय. मीच तिला चटक लावली.” ती थांबली. “मी नाय खायची ती गोळी आता. मला जगून काय करायचंय?”

आबाजी या घरात खोटं बोलायला आला होता. नजर म्हणा, नशीब म्हणा, लोक आपण होऊन द्यायला तयार होते ते सगळं तो मुकाट्याने घेणार होता. पण समोर ही पोर सगळा दोष आपल्या पदरात बांधून मरायला बसली होती, आणि त्या पदरात आबाजीचाही दोष होता. परातीच्या काठाला धरून टाचा उंचावणारी जनी त्याला दिसली. पहिला दाणा तिच्या हातावर कुणी ठेवला होता?

“तू नाहीस,” तो म्हणाला. “ऐक पोरी. तुझ्याआधी मी तिला हलवा दिला, त्याच परातीतला. औषध खाऊसारखं मी केलं. तुला गोड लागावं म्हणून नव्हे, बाजारात लोकांनी वाहवा करावी म्हणून. आणि चोखायचं जे सांगितलंस ते पुन्हा कुणाला सांगू नकोस. सासूला तर नाहीच.”

मग तो बाहेर अंगणात आला आणि उभ्याउभ्या, सगळ्यांदेखत बोलला. बसला असता तर बोलता आलं नसतं. “भागूबाई, नजर नाही लागली. पोर माझ्या गोळीने गेली. त्या गोळीत विष होतं असं नाही, पण लहान जिवाला इतक्या म्हणजे विषच. मी ती हलव्यासारखी केली म्हणून तिने खाल्ली. डबी आपण होऊन शोधून काढली तिने, यात सुनेचा काही दोष नाही.”

हे शेवटचं वाक्य खरं नव्हतं. त्या दिवशी तो एवढंच खोटं बोलला.

कोंडाजीने डोकं वर केलं, पण उठला नाही. भागूबाई बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग यायला वेळ लागला, कारण आधी तिला हिशेब लावायचा होता.

“मंग त्या दिशी,” ती म्हणाली, “कोंडाजी कल्यानला नेतो म्हनत होता. तुमीच नको म्हनलात.”

“म्हटलं.”

“का?”

आबाजीने खूप शोधलं, पण दुसरा शब्द सापडला नाही. “भ्यालो,” तो म्हणाला.

भागूबाईने खाली वाकून मूठभर माती उचलली. तो ती अंगावर घेणार होता. पण तिने ती तशीच मुठीत दाबून धरली आणि बोटांच्या फटींतून गळू दिली. मग म्हणाली, “सून तर जगवायची हाय मला. दुसऱ्या कुनाकडं जाऊ मी? सांगा ना. हाय कोन दुसरं इथं?” तिने हाताची माती झटकली. “तेच औशद द्या. साखर नको. मी घालीन तिला. आनि मी न्यायला येईन तवा पयलं तुमी खायचं, माझ्यापुढं. मंग मी नेनार.”

तेव्हापासून दर आठ दिवसांनी भागूबाई तीन कोस चालत यायची. दुकानाची पायरी चढायची नाही. आबाजी हिराकसाच्या पुड्या बांधून ठेवायचा, आठवड्यापुरत्याच. एक पुडी तिच्यादेखत उघडून तो जिभेवर घ्यायचा, पाण्याशिवाय, आणि ती बघत उभी राहायची, त्याच्या गळ्याची हालचाल होईपर्यंत. मग बाकीच्या पुड्या पदरात घेऊन चालू लागायची. त्या सबंध काळात ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. जयवंता औषध घेते का, पोटात ठरतं का, हे आबाजीने एकदा विचारलं. पुढच्या वेळी भागूबाईने रिकाम्या पुड्यांचे कागद पायरीवर ठेवले, सगळेच्या सगळे.

गोष्ट बाजारात पसरायला वेळ लागला नाही. गिऱ्हाईक तुटलं. कुणी म्हणे मूल मारणारा, कुणी म्हणे म्हातारा चळला, औषधात साखर घालतो. रक्त आटलेल्या बायका येईनाशा झाल्या, आणि त्यांतल्या काही त्या वर्षात गेल्या, ते आबाजीला बाजारात बसल्याबसल्या कळत होतं. परात त्याने भंगारात दिली. दुकान मात्र उघडायचा, रोज, कारण आठवड्यातून एकदा तरी एक गिऱ्हाईक नक्की यायचं.

वैशाखात एक आठवडा ती आली नाही. दुसराही गेला. आबाजीने पुड्या बांधून ठेवल्याच होत्या. कडावच्या वाटेने येणाऱ्या गाडीवानांना विचारायचा धीर त्याला होईना. जेवण जाईना. बायकोच्या बाळंतपणात मूल गेलं होतं, त्या वेळी त्याला जेवढी धास्ती वाटली नव्हती तेवढी आता वाटत होती.

तिसऱ्या आठवड्यात, टळटळीत दुपारी, भागूबाई पायरीखाली येऊन उभी राहिली. पाय धुळीने भरले होते. तिच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. आबाजीने विचारलं नाही. विचारायचा हक्क आपल्याला नाही असं त्याला वाटलं. त्याने नेहमीप्रमाणे पुडी उघडली, जिभेवर पालथी केली आणि गिळली.

भागूबाईने ते होऊ दिलं. मग बोलली, चार महिन्यांत पहिल्यांदा.

“बाळंत झाली. मुलगी हाय. रगत गेलं, पन थांबलं. दोगी बऱ्या हायत.”

आबाजीने मांडणीला हात टेकला. “देवाची—”

“देवाचं नाव तुमी घेऊ नका,” भागूबाई म्हणाली. आवाज चढला नव्हता. “सून जगली. आता मला तुमच्याकडं काय बी काम उरलं नाय. ह्याच्यापुढं मी मेले तरी तुमच्या दारात येनार नाय, आनि आमचं कुनी तुमच्या दारात आलं तर त्याचं पाय मोडीन. इतके दिस येत होते ती तिच्यासाठी. तुमच्या तोंडाकडं बगून परतीच्या वाटंला पानी घशाखाली कसं उतरायचं ते माझं मला म्हाईत.”

ती वळली आणि चालू लागली. आबाजी दारात उभा राहिला. तोंडात हिराकसाची चव होती, कडू आणि गंजकट. पाण्याचा तांब्या हाताशी होता, पण ती कडावच्या वळणाआड जाईपर्यंत त्याने तो उचलला नाही.